गळ्यातलं काढा, श्वास धरा

दिवसभरात मी फार थोडं बोलते. "या बाई. गळ्यातलं काढा. हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास आत घ्या. धरा, धरा... सोडा." पुढची बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. घरी भाजी निवडतानाही कधी तोंडातून "धरा, धरा" निघतं. मग नवरा विचारतो, "काय धरू?"

गावोगावी जाऊन लोकांच्या छातीचे फोटो काढणारं एक सरकारी पथक आहे. टीबी शोधायचं पथक. त्यात मी मदतनीस. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आमची गाडी फिरते. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, जत तालुक्यातली. आमच्याकडं गावाबाहेर पडलं की चार कोस मोकळं दिसतं. इथं रस्त्याच्या वळणापुढचं दिसत नाही. शिक्षण आठवी. नववीची शाळा लांब होती आणि लग्नाचं स्थळ चांगलं होतं. नवरा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं डंपर चालवतो, म्हणून राजुऱ्याला आले. माहेरी जायचं तर बल्लारपूरला गाडीत बसल्यापासून दीड दिवस जातो. पहिल्या वर्षी मला इथली भाषाच कळायची नाही. शेजारीण विचारायची, "काऊन वं, जेवली नाई का?" आणि मला वाटायचं ही भांडायला आली.

मी अजून याच कामावर आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना माझ्या नोकरीसाठी कुणाच्या जिवाला घोर नको. माझ्या जिवाला तो कायमच असतो. आमचा ठेका अकरा महिन्यांचा. अकरावा महिना लागला की मला झोपेतसुद्धा कुणीतरी कागद मागतं.

ही नोकरी मला डॉक्टर मॅडमनी दिली. त्या पथकाच्या प्रमुख. जाहिरातीत दहावी पास हवी होती. मी अर्ज भरला नव्हता, मी दवाखान्यात फरशी पुसायच्या कामाला होते. एक म्हातारी एक्स-रेच्या खोलीत शिरायला तयार नव्हती. मी पुसणं सोडून तिच्याशी बोलले आणि हात धरून आत नेली. मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझं शिक्षण?" मी म्हटलं, "आठवी." त्या म्हणाल्या, "हिला घ्या. बायकांशी बोलणारी मिळत नाही. दहावी पास ढीग मिळतील." शिक्षणाची अट कशी बाजूला झाली ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारलं आणि कुणाच्या लक्षात आलं तर?

आता मशीनबद्दल. भिंतीला भोक पाडायचं ड्रिल असतं तेवढंच, हातात धरायचं एक्स-रे मशीन. समोर स्टँडवर एक पाटी. माणसानं छाती पाटीला टेकवून उभं राहायचं. योगेशभाऊ, आमचा तंत्रज्ञ, ब्रह्मपुरीकडचा, मागून मशीन धरतो आणि बटण दाबतो. फोटो लॅपटॉपवर येतो. इथपर्यंत दवाखान्यातल्यासारखंच. पुढची गोष्ट वेगळी. तो फोटो डॉक्टर वाचत नाही, लॅपटॉपमधला एआय वाचतो. आपण घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत उत्तर देतो. काही नसेल तर कोपऱ्यात हिरवा ठिपका. संशय असेल तर फोटोत त्या जागी लाल डाग उमटतो. लाल आला की त्या माणसाचा बेडका डबीत घ्यायचा, बर्फाच्या पेटीत घालून तालुक्याला पाठवायचा. तिथल्या तपासणीत टीबी आहे की नाही ते पक्कं होतं. मग सहा महिने गोळ्या, फुकट.

सरकारनं आपल्या कामांत एआय आणायचं ठरवलं आणि त्यासाठी निधी दिला, त्यातून हे आमच्याकडं आलं. निधीत मशीन होतं, लॅपटॉप होता, फोटो वाचणारा प्रोग्राम होता, तो अडला तर फोनवर समजावणारी माणसं होती. आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात पनीरची भाजीही होती. पडदा नव्हता. बायांनी कपडे बदलायचे कुठं, हे निधी मंजूर करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. माझ्या दोन जुन्या साड्या शिवून मी पडदा केला. आजही तोच आहे.

पहिल्या दिवशी योगेशभाऊनं चाचणी म्हणून माझाच फोटो काढला. स्वतःच्या बरगड्या समोर बघून मला घाम फुटला. त्यातून मशीननं एका मिनिटात हिरवा ठिपका दिला. माझ्या आईला कमरेचा एक एक्स-रे काढायला जतहून मिरजेला न्यावं लागलं होतं, आणि तो वाचणारा डॉक्टर त्या दिवशी रजेवर होता. इथं जंगलात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, एक डबडं माझी छाती वाचत होतं. मी त्या लॅपटॉपला हात जोडले. योगेशभाऊ हसला, हसू दे.

लोकांची तऱ्हा काय सांगावी. एकानं विचारलं, "विडीचा धूर दिसते का जी यात?" एक सून म्हणाली, मले याची कॉपी द्या, सासूले दाखवाची हाय, मले काळीज नाई म्हनते ते. एक रिटायर गुरुजी काठी टेकत आले आणि लॅपटॉपकडं बोट करून म्हणाले, "याचं शिक्षण किती?"

योगेशभाऊ म्हणाला, "गुरुजी, लाखो फोटो पाहून शिकलं ते."

"परीक्षा?"

"परीक्षा नाई जी. पाहूनच शिकलं."

"म्हंजे आठवी पास बी नाई," गुरुजी म्हणाले. सगळा ओटा हसला. मी पडद्याआड गेले.

पहिला मोठा धक्का कोरपन्याकडच्या एका गावात बसला. कापूस वेचणीचे दिवस, तरी बाया बऱ्याच आल्या होत्या. दुपारी योगेशभाऊचा घास हातातच राहिला. लॅपटॉप माझ्याकडं वळवून म्हणाला, "ताई, गाव गेलं."

"काय झालं?"

"बायाच बाया लाल. पाहा. सगळ्याइले गळ्याच्या हाडाजवळ."

टीबी तिथंच, फुप्फुसाच्या शेंड्याला आधी धरतो, हे आम्हाला शिकवलं होतं. एवढ्या बाया आजारी, घराघरात लेकरं. योगेशभाऊ मॅडमना फोन लावत होता आणि मी यादीवरची नावं वाचत होते. वाचता वाचता थांबले. प्रत्येक बाईला पडद्याआड मी पाहिलेलं होतं. लाल आलेल्या सगळ्या सवाष्णी होत्या. गावातल्या विधवा बाया एकजात हिरव्या.

टीबी काय नवरा बघून होतो?

गोष्ट अशी होती. फोटोआधी गळ्यातलं काढायचं असतं. इथल्या बायांच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते. मी काढा म्हटलं की अंगावर यायच्या. "काऊन काढू? नवरा जिता हाय माहा!" मी जास्त आग्रह करायची नाही, कारण मी स्वतःची लग्नापासून एकदाही काढलेली नाही. मी एक युक्ती केली होती. पोत मागं फिरवायची आणि अंबाड्यात चापानं अडकवायची. पुढून गळा मोकळा. मला वाटलं झालं काम. पण एक्स-रेला पुढचं मागचं कळत नाही, तो आरपार जातो. मानेमागचे मणी आणि पोतीला लटकवलेल्या सेफ्टी पिना फोटोत बरोबर गळ्याच्या हाडावर उमटत होत्या, आणि मशीन बिचारं इमानदारीनं लाल डाग देत होतं.

मी मॅडमना फोनवर हे सांगितलं. त्या हसल्या. "आठवी पास ना तू? हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नसतं." हे वाक्य मी नवऱ्याला तीन वेळा सांगितलं.

मग फोनवर समजावणाऱ्या माणसांनी लॅपटॉपमध्ये एक चौकोन वाढवून दिला. लिहिलं होतं 'दागिना'. लाल डाग दागिन्यामुळं असेल तर त्यावर खूण करायची. खूण केली की लाल करडा होतो आणि पुढचं नाव येतं. मॅडमनी नियम घालून दिला: खूण करायची, बाईचं गळ्यातलं काढून फोटो पुन्हा घ्यायचा, काढतच नसेल तर बेडका घ्यायचाच. मी तो वहीत लिहून घेतला होता.

पहिले काही आठवडे तसंच केलं. पण दुसऱ्या फोटोला पुन्हा तीच भांडणं, पुन्हा रांग थांबणार, मागच्या बाया ओरडणार, "आमाले धान रोवन्याले जाचं हाय!" मग एकदा खूण करून सोडून दिलं. मग दोनदा. पुढं तर योगेशभाऊ लॅपटॉपवरून मान वर न करता विचारायचा, "ताई?" आणि मी पडद्याआडून म्हणायची, "दागिना." टिक. पुढची बाई.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. मला ते आवडायला लागलं होतं. मशीन लाल म्हणायचं, मी नाही म्हणायची, आणि माझं चालायचं. साहेब लोक ज्याच्या उद्घाटनाला आले, ज्याच्यासाठी फीत कापली, त्याच्या वर माझा शब्द. शाळेत माझा शब्द कधी कुठं चालला नव्हता.

पुढच्या वर्षाचा निधी येण्याआधी वरून एक अट आली. मशीन एक म्हणालं आणि माणसानं दुसरं केलं, असे सगळे फोटो मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे. आमचेही फोटो गेले. मला त्याची काळजी नव्हती. उलट वाटलं, आपलं कौतुक होईल.

मॅडमनी दोघांना बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. लॅपटॉपवर एक फोटो उघडा होता.

"यात मला दागिना दाखव," त्या मला म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. एव्हाना मी शेकडो पोती पाहिल्या होत्या. मणी कसे दिसतात ते डोळे मिटूनही सांगेन. साबुदाणा ओळीनं मांडावा तसे. पिना पांढऱ्याशुभ्र, धारदार. इथं ओळ नव्हती. पीन नव्हती. गळ्याच्या हाडाखाली एक ढग होता, कडा विस्कटलेल्या, मध्ये काळं भोक.

"दिसतोय?"

खाली लिहिलेलं होतं: दागिना. फोटो जुना, भातरोवणीच्या दिवसांतला. आता थंडी सरत आली होती.

"ही बाई कुठं आहे ते शोधा," मॅडम म्हणाल्या. "आज."

नाव पर्वताबाई. तळ्याकाठच्या एका गावची, ढिवराची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातली. गावाचं नाव मी लिहीत नाही. मी डोक्याला ताण दिला, पण चेहरा आठवेना. किती विचित्र आहे पाहा, तिचं फुप्फुस मला आज तुम्हाला काढून दाखवता येईल, पण तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. त्या गावच्या आशा कार्यकर्त्या मायाताई, त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पर्वता? ते त मिरचीले गेली. सगळी टोळीच गेली, तेलंगणात."

धान कापून झालं की इकडच्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. शेतातच पाल ठोकून दोन-तीन महिने राहतात. पर्वताबाईचा लेक, सून, तीन वर्षांची नात, सगळे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. मी, योगेशभाऊ आणि ओळख पटवायला मायाताई. मशीन राज्याबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून फक्त बेडक्याच्या डब्या आणि बर्फाची पेटी. मॅडमनी तिकडच्या दवाखान्यात फोन करून ठेवला होता. रस्ता माझ्याच राजुऱ्यावरून जातो. घरावरून जीप गेली, मी मान फिरवली नाही.

योगेशभाऊ हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? मशीननं चुकी केली म्हणून टाकून द्या. मशीन काई उलटून बोलत नाई."

"फोटोवर लाल आहे, भाऊ."

"बाईले थोडीच फोटो दाखवाचा हाय."

खरं सांगते, त्याचं म्हणणं मला तेव्हा चांगलं वाटलं. शेत येईपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होते.

मिरचीचं शेत मी पहिल्यांदा पाहिलं. खळ्यावर लालच लाल पसरलेलं, आणि उतरल्या उतरल्या नाकातोंडात आग. डोळ्यांतून पाणी. योगेशभाऊ शिंकायला लागला. आणि मग मला ऐकू आलं. सगळं शेत खोकत होतं. बाया, माणसं, लेकरं, मुकादम, प्रत्येक जण. त्यात कुणाचा खोकला कशाचा, हे देव तरी सांगेल का? यापेक्षा लपायला चांगली जागा त्या रोगाला सापडली नसती, आणि त्याला इथवर मी पोचवलं होतं.

"पर्वता! ए पर्वता वं!" मायाताईनं हाक मारली.

सरीतून एक बाई उठली. काठीसारखी. कपाळाला ठसठशीत कुंकू. पदर सरकलेला, आणि गळा मोकळा. नुसता गळा.

मी पहिला प्रश्न तोच विचारला, दुसरं काही सुचलंच नाही. "बाई, पोत कुठाय?"

"घरी हाय. खिळ्याले." ती माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत म्हणाली. "काऊन? चोरली का कोनी?"

मायाताईनं मला समजावलं. पर्वताबाई तळ्यात उतरून जाळं ओढते. पोत जाळ्यात अडकते, एकदा तुटून मणी तळ्यात गेले होते. तेव्हापासून ती कामावर जाताना पोत देवाजवळच्या खिळ्याला अडकवून जाते. तपासणीच्या दिवशी ती तळ्यावरून तशीच आली होती. मी कुंकू तेवढं पाहिलं असणार. कुंकू आहे म्हणजे पोत आहे, म्हणजे लाल डाग पोतीचा. पदर बाजूला करून बघायला किती वेळ लागला असता?

"हा खोकला किती दिवस?" मी विचारलं.

"मिरचीचा हाय जी. सगळ्याइलेच हाय."

"मिरचीच्या आधी नव्हता?"

तिनं तोडलेल्या मिरच्या टोपलीत टाकल्या. मग म्हणाली, "होता थोडा. पन तुमच्या मशीनमंदी त काई निंगालं नाई ना? मले काई नाई म्हनून सांगतलं. मंग मी कायले दवाखान्यात जाऊ?"

आजूबाजूच्या बाया हात थांबवून ऐकत होत्या. पर्वताबाईनंच विचारलं, "मंग मशीन चुकली का?"

योगेशभाऊ माझ्याकडं बघत होता. वाक्य तयार होतं, फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "मशीन बरोबर होतं. त्यानं लाल दिलं होतं. तुमचं कुंकू पाहून गळ्यात पोत आहे असं समजून मी ते पुसायला लावलं. चूक माझी आहे."

पर्वताबाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मंग तू काऊन आली? मशीनलेच पाठवाचं होतं."

बाया खो खो हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

ती यायला तयार नव्हती. टोळी सोडून कशी जाऊ, सून एकटी, तोडणी अर्धी राहिली. मायाताईनं आवाज चढवला. "मरतं का इथीच?" तरी ऐकेना. मग मायाताईनं पालाकडं बोट केलं. दोन काठ्यांना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीतून एक लहान पोर उठून बसली होती.

"अन् हे कोनाजवळ झोपते?"

पर्वताबाईचा चेहरा बदलला. "माह्याजवळ," ती म्हणाली. पालात जाऊन पिशवी भरली, नातीला सुनेच्या कडेवर दिलं आणि दोघींना जीपमध्ये चढवून मग स्वतः चढली.

डबीतला बेडका तपासून आला. टीबी होता, चांगलाच मुरलेला. नात तपासली, ती चांगली निघाली; तिला पुढं होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. हे ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. टोळीतल्या इतरांची तपासणी तिकडच्या लोकांनी केली.

पण पर्वताबाईचं सोपं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात तिला गोळ्या पचेनात. उलट्या, डोळे पिवळे. मायाताईचा फोन आला, "बाई राहते का नाई, सांगता येत नाई." ते दिवस मी कसे काढले मला माहीत नाही. "श्वास धरा" म्हणताना माझाच धरलेला असायचा. मॅडमनी तिला पुन्हा दवाखान्यात घेतलं, गोळ्या थांबवल्या, बदलल्या, एकेक करून सुरू केल्या. ती सावरली. सुट्टीच्या दिवशी मी अंडी घेऊन जायची. ती अंडी ठेवून घ्यायची. बोलायची नाही.

माझ्याकडं लेखी खुलासा मागितला होता. योगेशभाऊनं मायेनं एक मसुदा करून दिला. सुरुवातच होती, 'तांत्रिक कारणास्तव सदर नोंद अनवधानाने'. इतकं चांगलं मराठी माझ्या नावावर शोभत नव्हतं. मी माझ्या अक्षरात लिहिलं: मी पदर बाजूला करून पाहिलं नाही. मॅडमनी वाचलं. "तुला बोलता येतं म्हणून तुला घेतलं होतं मी," त्या म्हणाल्या. "बघता येतं असं धरूनच चालले होते." एवढंच. ते रागावून ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

लॅपटॉपमधला तो चौकोन आता बदललाय. दुसरा फोटो घेतल्याशिवाय खूण होतच नाही. आणि मी पडद्याआड एक पितळी ताट ठेवते. त्यात तांदूळ, हळद, कुंकू. पोत टेबलावर, कुणाच्या कंगव्याजवळ काढून ठेवायला बाया नको म्हणायच्या. ताटात तांदळावर ठेवायला बहुतेक जणी तयार होतात. निघताना कुंकू लावून पुन्हा घालतात. हे आधी सुचलं असतं तर. हे ताटही निधीतलं नाही.

पर्वताबाईचे सहा महिन्यांच्या ऐवजी आठ झाले. शेवटची तपासणी स्वच्छ आली. ती पुन्हा तळ्यात उतरायला लागली. तेव्हा कुठं कार्यालयाला आठवण झाली की या प्रकरणात रुग्णाचं म्हणणं घेतलेलंच नाही. फॉर्म आला. तो मायाताईंकडं द्यायला मीच गेले, कारण त्या बाजूला आमचा कँप होता.

मायाताईच्या पडवीत पर्वताबाई बसली होती. मायाताईनं पेन काढलं. "मी लिहून टाकतो, काई तक्रार नाई म्हनून. तू फक्त अंगठा दे."

"तक्रार नाई, हे तुले कोनं सांगतलं?" पर्वताबाई म्हणाली.

मायाताई चपापली. "आता बरी झाली न वं तू? बाईनं इतकं केलं. अंडी आनली, मिरचीच्या वावरात आली."

"आनली. पन तक्रार हाय माही." तिनं माझ्याकडं पाहिलं. "अन् मायाताई, तू नोको लिहू. हे बाई लिहीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मायाताई म्हणाली, "पर्वता, असं कसं? तिच्याच खिलाफ तिलेच..."

"तिनंच लिहाव."

माझ्या हातात पेन आलं. मी फॉर्म मांडीवरून काढून फरशीवर ठेवला. ती सावकाश सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले. या बाईनं मले पाह्यलं नाई. मी तिच्या समोर उभी होती. तिनं कुंकू पाह्यलं, मले नाई पाह्यलं. माही नात माह्याजवळ झोपत होती. तिले काई झालं असतं त मी हिले सोडलं नसतं.

ती थांबली. मला वाटलं संपलं. मी पेन उचललं.

"अजून लिही," ती म्हणाली. "हिले कामावरून काढू नोका. काढसान त दुसरी येईन, अन् तिले हे मालूम नाई राहनार."

मी ते लिहिलं. अक्षर बिघडलं होतं, एका ठिकाणी शाई पसरली. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, पहिल्यापासून, माझ्याच आवाजात. मध्ये 'सोडलं नसतं'पाशी अडखळले. ती म्हणाली, "ते परत वाच." मी ते परत वाचलं.

"बराबर," ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.